‘न्यू ऑर्लिन्सला जमलं, मुंबईला का नाही?’ हा मेसेज पुढे ढकलण्यापूर्वी

पावसाळा सुरू झाला की हिंदमाताच्या गुडघाभर पाण्याच्या फोटोला जोडून एक मेसेज फिरतो. सारांश असा: 2005 च्या जुलैत मुंबई बुडाली, ऑगस्टमध्ये कतरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स बुडालं. ते शहर मुळातच समुद्रसपाटीच्या खाली, निसर्गापुढे कोणाचं काय चालणार? पण अमेरिकेने साडेचौदा अब्ज डॉलर ओतले, भिंती बांधल्या, शहर होतं तसं उभं केलं. 2021 मध्ये आयडा वादळ आलं, आत थेंबभर पाणी शिरलं नाही. आणि आपण बघा!

मुंबईच्या कारभारावर कुणी तोंडसुख घेतलं तर माझी हरकत नाही. पण त्यासाठी न्यू ऑर्लिन्सची जी गोष्ट रचली आहे ती जवळपास प्रत्येक वाक्यात घसरते.

आधी ‘निसर्गापुढे काय चालणार’. कतरिना 29 ऑगस्ट 2005 ला किनाऱ्यावर आलं तेव्हा त्याचा जोर पाचव्या श्रेणीवरून तिसऱ्यावर उतरला होता. तरी शहराचा 80 टक्के भाग पाण्याखाली गेला, कारण बांध जागोजागी फुटले. त्यातल्या सेव्हन्टीन्थ स्ट्रीट कालव्याकडे नीट बघा. तिथे पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत पोचलंसुद्धा नव्हतं. भिंतीखाली ठोकलेले पोलादी पत्रे त्या मऊ, दलदलीच्या मातीत पुरेसे खोल गेलेले नव्हते. पाण्याचा रेटा आला आणि भिंत मातीसकट सरकली. लंडन अ‍ॅव्हेन्यू कालव्याच्या भिंतीही अशाच माथ्यावरून पाणी जाण्याआधी गेल्या. हे बांधकाम अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचं. रचनेतच चूक होती हे त्या दलाचे तेव्हाचे प्रमुख कार्ल स्ट्रॉक यांनी 2006 मध्ये जाहीरपणे मान्य केलं. पुढे नुकसानभरपाईचे दावे झाले, तर पूरनियंत्रणाच्या कामांबाबत सरकारला संरक्षण देणारा 1928 चा कायदा आडवा आला. इतक्या सगळ्यानंतर खापर निसर्गावर फोडायचं म्हणजे कमाल आहे.

‘मुळातच समुद्रसपाटीखाली’ हे अर्धंच खरं. टुलेन विद्यापीठातले भूगोलतज्ज्ञ रिचर्ड कॅम्पानेला यांनी दाखवून दिलंय की शहराचा साधारण निम्मा भाग समुद्रसपाटीला किंवा तिच्या वर आहे. मिसिसिपीने शतकानुशतकं गाळ टाकून काठ उंच केले आणि जुनी वस्ती त्यांच्यावरच वसली. फ्रेंच क्वार्टर म्हणूनच 2005 मध्येही बहुतांशी कोरडं राहिलं. खाली आहे तो मागचा भाग, आणि तो माणसांनी खाली नेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली दलदल पंपांनी उपसली, तिच्यावर प्लॉट पाडले. पाणी गेल्यावर ती कुजट, काळी माती वाळून आक्रसत गेली आणि वरची वस्ती खचत गेली. अजून खचते आहे. जितकं उपसावं तितकं खाली जावं, असा तो मामला.

‘शहर होतं तसं उभं केलं’ हे तर लोअर नाइन्थ वॉर्ड या कतरिनात उद्ध्वस्त झालेल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या माणसापुढे म्हणून बघा. 2000 च्या जनगणनेत न्यू ऑर्लिन्सची लोकसंख्या 4,84,674 होती, 2020 मध्ये 3,83,997. कतरिनाच्या आधीही शहर थोडं आटत होतं हे खरं, पण 2010 चा आकडा 3,43,829 आहे, आणि परत न आलेल्यांत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने आहेत. यामागे सरकारी हिशोबही होता. घरं उभारायला ‘रोड होम’ नावाची योजना आली. तिच्यात मदत ठरताना वादळाआधीची घराची बाजारकिंमत आणि बांधणीचा खर्च यांतला कमी आकडा धरला जाई. आता तेवढंच घर, तेवढाच सिमेंट-लाकडाचा खर्च. पण कृष्णवर्णीय वस्तीत घराची किंमत कमी, म्हणून मदतही कमी. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2011 मध्ये तडजोड झाली. तोवर सहा वर्षं गेली होती, माणसं ह्यूस्टन-अटलांटात रुजली होती. गरिबांचं चॅरिटी हॉस्पिटल पुन्हा उघडलंच नाही.

राहिला ‘थेंबभर पाणी शिरलं नाही’चा मुद्दा. इथे मेसेजवाल्याला श्रेय द्यायला हवं: नव्या भिंती आयडापुढे टिकल्या. लेक बोर्नच्या बाजूचा जवळपास तीन किलोमीटरचा लाटरोधक बांध हे थोर काम आहे. पण भिंतीबाहेरच्या लाप्लासमध्ये घरात पाणी घुसलं. तिथला बांध मंजूर होता, पूर्ण नव्हता. शहराला वीज आणणाऱ्या आठही मुख्य वाहिन्या बंद पडल्या आणि नंतरच्या अंधारात, उकाड्यात माणसं दगावली. शिवाय या भिंती ज्या लाटेसाठी बांधल्या, ती कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता 1 टक्का. थोडं वाटतं, पण 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तीच शक्यता 26 टक्के होते. जमीन खचते, समुद्र चढतो. 2019 मध्ये अभियंता दलानेच सांगून टाकलं की उंची वाढवली नाही तर 2023 पासूनच बांध या पातळीला कमी पडू शकतील.

आणि भिंत अडवते ती समुद्राची लाट. आभाळातून पडणारं पाणी आतच साचतं, ते उपसावं लागतं. 5 ऑगस्ट 2017 ला चक्रीवादळ वगैरे काही नव्हतं, दुपारी नुसता धो धो पाऊस झाला आणि रस्त्यांवर गाड्या बुडाल्या. सगळे पंप चालू होते असं अधिकाऱ्यांनी आधी सांगितलं. मग कळलं की बरेच बंद होते. चारच दिवसांनी त्यांना वीज देणाऱ्या टर्बाइनला आग लागली. यातले काही पंप शंभर वर्षांपूर्वीचे, बाल्डविन वुड या अभियंत्याच्या रचनेचे, आणि ते 25 हर्ट्झच्या विजेवर चालतात. अमेरिकेची वीज 60 हर्ट्झची. म्हणून पालिकेला त्यांच्यासाठी वेगळी वीज तयार करावी लागते. भिंतीचे साडेचौदा अब्ज इथे कामाला येत नाहीत. मुंबईशी तुलना करायचीच तर ती या दिवसाशी करा. 26 जुलैला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, ते पाणीही वरूनच आलं होतं.

मेसेजमध्ये नसलेला एक भाग म्हणजे भिंतींच्या पुढची दलदल. वादळाची लाट शहरापर्यंत येण्याआधी तिथेच थोडी दमते. 1930 च्या दशकापासून लुइझियानाने अशी सुमारे 5,000 चौरस किलोमीटर जमीन समुद्राला दिली आहे. मिसिसिपीचा गाळ पुन्हा तिथे सोडण्यासाठी मिड-बॅराटारिया हा सुमारे तीन अब्ज डॉलरचा प्रकल्प 2023 मध्ये सुरू झाला. वाढता खर्च आणि मासेमारांचा विरोध अशी कारणं पुढे करून राज्याने जुलै 2025 मध्ये तो रद्द केला.