दर दोन सेकंदांना कट मारा म्हणे!

'थ्रिलरच्या ओपनिंग सीनचे पाच नियम' असं एक रील सध्या सगळीकडे फिरतंय. नियम असे: दोन सेकंदांपेक्षा लांब शॉट (मधे कट न मारता सलग चालणारा तुकडा) नको, पहिल्या फ्रेमपासून म्युझिक दणदणीत पाहिजे, प्रेक्षकाला काहीही कळू द्यायचं नाही, कॅमेरा सतत हलता ठेवायचा आणि शक्यतो सगळं अंधारात शूट करायचं. मी दुर्लक्षच करत होते, पण माझ्या भाचीने हे बघून तिच्या कॉलेजच्या शॉर्टफिल्मचा पहिला सीन पार कापून टाकला, मग मात्र राहवेना.

तिने शनिवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात शूट केलंय. मूळ शॉट असा होता: वरच्या खोलीत एक मुलगी दुसऱ्याचं कपाट उघडून कागद शोधतेय, मागे दार उघडं, दारातून लाकडी जिना दिसतोय आणि खालून कुणीतरी चढत येतंय. पायऱ्या करकरतात, मधेच आवाज थांबतो, शेजारी कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होते, परत करकर सुरू. कट नाही, म्युझिक नाही. मी बघताना श्वास धरून बसले होते. आता त्या शॉटचे हात, डोळे, कुलूप, पाय, परत डोळे असे तुकडे झालेत आणि तो माणूस किती पायऱ्या चढून आलाय तेच कळत नाही. अहो, ते कळणं हेच तर टेन्शन आहे!

दोन सेकंदांचा नियम सांगणाऱ्यांनी दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ इव्हिल'ची (1958) सुरुवात बघावी. पहिल्याच फ्रेममध्ये हातात टाइमबॉम्ब, त्याचा टायमर फिरवला जातो, बॉम्ब एका गाडीच्या डिकीत जातो, एक जोडपं येऊन त्या गाडीत बसतं. तिथून पुढे क्रेनवरचा कॅमेरा छपरांवरून जातो, रस्त्यावर उतरतो, गाडी गर्दीत अडकते, बाजूने नवीन लग्न झालेलं दुसरं जोडपं चालत जातं, कधी गाडी पुढे कधी हे पुढे, आणि सीमेवरच्या नाक्यावर गाडीतली बाई म्हणते की माझ्या डोक्यात टिकटिक होतेय. सव्वातीन मिनिटांच्या आसपास एकही कट नाही! टायमर लावलेला आपण पाहिलाय आणि कट नाही म्हणजे वेळेतून सुटका नाही, प्रत्येक सेकंद खराच जातोय. तिथे दर दोन सेकंदांना कट मारला असता तर प्रेक्षकाचा हा हिशोबच मोडला असता.

'काही कळू देऊ नका' हा तिसरा नियमही इथेच निकालात निघतो. बॉम्ब कुठे आहे ते आपल्याला माहितीये, गाडीतल्यांना नाही. 'सायको'चा दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला मुलाखतीत हेच सांगितलं होतं, टेबलाखाली बॉम्ब आहे हे आधी दाखवलं नाही तर पंधरा सेकंदांचा धक्का, आधी दाखवलं तर पंधरा मिनिटांचा सस्पेन्स.

म्युझिकचं मात्र अर्धं मान्य करावं लागतं. 'सायको'च्या शॉवर सीनमध्ये, म्हणजे अंघोळ करताना बाईचा खून होतो तिथे, हिचकॉकला म्युझिक नकोच होतं, संगीतकार बर्नार्ड हरमनने व्हायोलिन्स ऐकवली आणि त्याने मत बदललं. कटिंगही तिथे भराभर आहे आणि ते कामही करतं. पण तो ओपनिंग सीन नाहीये. तोवर ती बाई, तिने पळवलेले 40,000 डॉलर, तिचा पश्चात्ताप, सगळं आपल्या ओळखीचं झालेलं असतं.

कॅमेरा हलता ठेवा? वेल्सचाही सतत हलतो, पण गाडीवर नजर ठेवायला हलतो, उगाच थरथरत नाही. अंधाराचं तर सोडाच, 'इनग्लोरियस बास्टर्ड्स'ची सुरुवात भर दिवसा शेतावरच्या घरात होते, टेबलावर दुधाचा ग्लास आणि जमिनीच्या फळ्यांखाली नाझींपासून लपलेलं कुटुंब.

आणि म्युझिक दणदणीतच हवं यावर जे अजून अडून बसलेत त्यांनी 'टच ऑफ इव्हिल'च्या दोन्ही आवृत्त्या लागोपाठ बघा. 1958 साली स्टुडिओने त्या शॉटवर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं म्युझिक चढवलं. वेल्सने स्टुडिओला 58 पानी टिपण लिहून बदल सुचवले होते, त्याच्या आधाराने 1998 साली एडिटर वॉल्टर मर्चने सिनेमा पुन्हा एडिट केला, तेव्हा नावं गेली, ते म्युझिकही गेलं. राहिले ते क्लबांमधून रस्त्यावर येणारे आवाज आणि त्या गाडीचा रेडिओ. रेडिओ जवळ आला की बॉम्ब जवळ आला, गाडी फ्रेममध्ये नसली तरी कळतं. ते ऐका, मग बोलू.