लहान हाताला लहान पिस्तूल, हा हिशेब चुकतो कुठे

हौशी नेमबाजांमध्ये आणि नव्याने परवाना घेणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: फुल-साइज म्हणजे पूर्ण आकाराच्या पिस्तुलाचा काळ संपला, कॉम्पॅक्ट म्हणजे आखूड पिस्तूल सगळ्या कामांना पुरते, लहान हाताच्या माणसाला, विशेषतः महिलांना आणि नवशिक्यांना, ते सोपे जाते, आणि पुरावा म्हणून अमेरिकेच्या मरीन कोअरनेही लहान पिस्तूलच निवडले. यातले प्रत्येक विधान तपासून पाहायला हवे, कारण त्यावर विसंबून माणसे पैसे घालतात आणि चुकीच्या हत्यारावर चुकीच्या सवयी लावून घेतात.

आधी लहान हाताचा मुद्दा घेऊ, कारण सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते. ग्लॉक कंपनीची दोन पिस्तुले पाहा: ग्लॉक १७ हे फुल-साइज आणि ग्लॉक १९ हे कॉम्पॅक्ट. पहिल्याची नळी ११४ मि.मी., दुसऱ्याची १०२ मि.मी.; मॅगझीनमध्ये अनुक्रमे १७ आणि १५ गोळ्या. परंतु मुठीचा घेर आणि मुठीच्या मागच्या कडेपासून ट्रिगरपर्यंतचे अंतर दोन्हींत जवळजवळ सारखेच आहे. कमी झाली आहे ती मुठीची उंची, तीही सेंटिमीटरभर. ज्याचे बोट मोठ्या पिस्तुलाच्या ट्रिगरवर नीट पोहोचत नाही, त्याचे या लहान पिस्तुलावरही पोहोचणार नाही. हाताला बसण्याचा प्रश्न मुठीच्या जाडीचा असतो, नळीच्या लांबीचा नसतो, आणि म्हणूनच मुठीचा मागचा भाग बदलता येण्याची सोय अनेक कंपन्यांनी फुल-साइज पिस्तुलांतही दिलेली आहे. बोटाचे पहिले पेर ट्रिगरवर सरळ येते का, एवढे पाहिले तरी दुकानात निम्मा निर्णय होतो.

दुसरा दावा नवशिक्यांचा. काडतूस तेच असेल तर मागे येणारा आवेगही तोच असतो. ७०० ग्रॅमच्या पिस्तुलाऐवजी ५०० ग्रॅमचे हातात घेतले, तर ते सुमारे ४० टक्के अधिक वेगाने मागे येते. रेंजवर हे डोळ्यांना दिसते. अगदी छोट्या पिस्तुलाच्या मुठीवर करंगळीला जागाच नसते, ती खाली हवेत राहते. तिसऱ्या-चौथ्या गोळीपर्यंत मूठ तळहातात सरकलेली असते, आणि मग शिकणारा प्रत्येक गोळीआधी पकड नव्याने जुळवू लागतो. थोड्याच वेळात तो धक्का बसण्याआधीच मनगट खाली दाबतो, पापणी मिटते, आणि टार्गेटवरची छिद्रे मधल्या वर्तुळाच्या खाली उतरत जातात. ही सवय एकदा लागली की सोडवायला कित्येक आठवडे जातात. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, ओढणेही लहान पिस्तुलात सोपे नसते: हलकी स्लाइड त्याच काडतुसाला आवरायची, म्हणून स्प्रिंग बहुधा कडक असते, आणि धरायला जागा कमी. ज्यांच्या मनगटात जोर कमी त्यांनाच हे पिस्तूल ‘सोपे’ म्हणून सुचवले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्याकडे सर्वसाधारण परवानाधारकाला वरच्या ग्लॉकसारखे ९ मि.मी. काडतुसाचे पिस्तूल मिळत नाही आणि बहुतेक जण एअर पिस्तुलावरच शिकतात. १० मीटरच्या एअर पिस्तुलाला नियमाने १५०० ग्रॅमपर्यंत वजन चालते आणि २५ मीटरच्या .२२ पिस्तुलाला १४०० ग्रॅमपर्यंत. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते याच २५ मीटर प्रकारात. या स्पर्धांत कोणी लहान, हलके पिस्तूल शोधत नाही. लाकडी मूठ मात्र तासून, घासून हाताच्या मापाची करून घेतात.

अचूकतेबद्दल मात्र फुल-साइजच्या बाजूनेही अतिशयोक्ती होते, तीही नोंदवली पाहिजे. आखूड नळी मुळात कमी अचूक नसते. फरक पडतो तो नेम धरण्यासाठी पिस्तुलावर असलेली पुढची माशी आणि मागची खाच यांमधल्या अंतराने. ग्लॉक १७ मध्ये हे अंतर सुमारे १६५ मि.मी. आहे, तर आणखी छोट्या ग्लॉक २६ मध्ये सुमारे १३५ मि.मी. नेम धरताना माशी १ मि.मी. सरकली, तर २५ मीटरवर पहिल्या पिस्तुलाची गोळी सुमारे १५ से.मी. चुकते आणि दुसऱ्याची साडेअठरा. ७ मीटरवर हाच फरक जेमतेम सेंटिमीटरचा उरतो, आणि पिस्तुलावर रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारे नेमाचे साधन, बसवला तर या अंतराचा प्रश्नच राहत नाही.

राहिला मरीन कोअरचा पुरावा. अमेरिकी लष्कराने २०१७ मध्ये सिग कंपनीचे पी३२० हे पिस्तूल निवडले आणि त्याची एम१७ व एम१८ अशी दोन रूपे आली. मरीन कोअरने एम१८ घेतले, हे खरे. पण एम१८ मध्ये आखूड आहेत ती नळी आणि स्लाइड. मूठ पूर्ण हाताची आहे आणि मॅगझीन १७ किंवा २१ गोळ्यांचे. म्हणजे हाताला जे धरायचे, त्यात काटछाट केलेली नाही. या उदाहरणावरून सहा-आठ गोळ्यांच्या खिशातल्या पिस्तुलाची शिफारस करणे ही दिशाभूल आहे.

कॉम्पॅक्टचे खरे काम वेगळे आहे. अमेरिकी लष्करात १९८५ मध्ये बेरेटा एम९ हे पिस्तूल आले, १२५ मि.मी. नळीचे, साध्या वेशातल्या तपास अधिकाऱ्यांसाठी मात्र पुढे सिग पी२२८ हे कॉम्पॅक्ट एम११ या नावाने घेतले गेले. शर्टाखाली पिस्तूल उघडे पडते ते बहुधा मुठीच्या खालच्या कोपऱ्यामुळे. नळी तर पँटच्या आत जाते. म्हणून लपवण्यासाठी मूठ आखूड हवी, आणि दिवसभर गाडीत बसणाऱ्याला नळी आखूड हवी. गणवेशात कमरेला उघडे होल्स्टर लावणाऱ्याला मात्र यांपैकी पहिली अडचण नसतेच, आणि गाडीत फारसे बसावे लागत नसेल तर दुसरीही नसते. त्याने करंगळीची जागा सोडून देण्याचे मला एकही कारण दिसत नाही.