रबर सोडून सगळं बदला

जुनी यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल घेतलीत? अभिनंदन! हिचं उत्पादन १९९६ सालीच थांबलं, तेव्हा तुमच्या दारात उभी आहे तिच्यात मूळ गाडी किती, असं विचारून विकणाऱ्याचा अपमान करू नका. खालचं इंजिन तिचंच आहे. वर बोअर-पिस्टन मात्र आरएक्स १३५चा, हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी पोत्यावर मांडलेल्या ढिगातला आणि सायलेन्सर आतून पोकळ. एअर फिल्टरचा डबा मागच्या मालकाने 'गाडीला मोकळा श्वास घेऊ दे' म्हणून काढून टाकलाय. श्वास मोकळा झाला खरा, पण जेवण अजून जुन्याच वाटीने वाढतात. जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, बदलायला हवा, हे कुणाच्या गावीही नाही.

आता गाडी अर्ध्या थ्रॉटलला खोकेल. उतारावर अ‍ॅक्सिलेटर सोडला की सायलेन्सरमधून फटाके वाजतील. सिग्नलला रेस आपोआप चढेल आणि उतरायचं नाव घेणार नाही. घाबरू नका, याला 'पिकअप' म्हणायचं. शिवाय अ‍ॅव्हरेजही वाढलंय. पेट्रोल आतच जात नाही म्हटल्यावर वाढणारच.

एक पथ्य कडक पाळा: स्पार्क प्लग उघडून बघायचा नाही. बघायचाच असेल तर घरासमोर पाच मिनिटं गाडी नुसती भुरभुरवून बघा, म्हणजे काहीच कळणार नाही. काही विघ्नसंतोषी लोक मोकळ्या रस्त्यावर फुल थ्रॉटलला पळवतात, क्लच दाबून तिथल्या तिथे इंजिन बंद करतात आणि मग प्लग काढतात. चहाच्या रंगाचा निघाला तर ठीक, खडूसारखा पांढरा निघाला तर इंजिन उपाशी, असं त्यांचं म्हणणं. तुमचा पांढरा निघाला तर 'केवढा स्वच्छ जळतोय!' म्हणा आणि परत लावा.

थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणाऱ्या चोकलाही हात लावू नका. अर्धा चोक ओढल्यावर खोकणं थांबलं, तर पेट्रोल कमी पडतंय हे अर्ध्या मिनिटात कळेल आणि आख्खा रविवार मोकळा पडेल.

त्यापेक्षा कार्बोरेटरचा स्क्रू फिरवा. आधी किती आटे होते ते मोजायचं नाही. मोजतात ते घाबरट. पेट्रोल कमी वाटलं तर जेटमध्ये तार घाला, भोक वाकडं होऊन मोठं होईल. त्यावरचा नंबर तसाही घासून गेलाय, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पंपावरच्या वीस टक्के इथेनॉलचा विचार तर करूच नका. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते तिथे या मिश्रणाला साधारण साडेतेरा पट पुरते. म्हणजे त्याच जेटवर गाडी आणखी उपाशी. नव्या गाडीत सेन्सर हे सांभाळून घेतो. तुमच्या कार्बोरेटरला बातम्या कळत नाहीत.

कोपऱ्यावरचा जाणकार सांगेल, 'टू-स्ट्रोक आहे भाऊ, पेट्रोलमध्ये ऑइल जास्त टाक.' जरूर टाका. ऑइलने जागा अडवली की त्याच भोकातून पेट्रोल आणखी कमी जातं, पण धूर असा सुंदर निघतो की गाडी उपाशी आहे असं कुणी म्हणणार नाही.

आणि कार्बोरेटर व इंजिन यांच्यामधलं ते काळं रबर? तीस वर्षं पेट्रोल आणि उन्हात राहून त्याला भेगा पडल्यात, शिवाय ते या कार्बोरेटरच्या मापाचंही नाही. चालू इंजिनवर त्या सांध्यापाशी कार्ब क्लीनरचा जरासा फवारा मारला आणि रेस बदलली, तर हवा तिथूनच ओढली जातेय हे सिद्ध होतं. असले पुरावे गोळा करू नका. मॅग्नेटोच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या चक्राच्या, बाजूचं ऑइल सीलही असंच हवा ओढतं, पण ते दिसत नाही, म्हणजे नाहीच.

मग एखाद्या दुपारी हायवेवर सत्तरच्या वेगात उपाशी इंजिनाचा पिस्टन तापून अडकेल आणि मागचं चाक एकदम जाम होईल. तेवढा क्लच मात्र खरोखर दाबा, इथे थट्टा नाही.

गॅरेजवाला पिस्टन हातात धरून 'मालच डुप्लिकेट होता' म्हणेल. माना डोलवा. नवा बोअर-पिस्टन बसवा, नवा प्लगही लावा. पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नका म्हणतील. त्याची काळजी नको, ती जाणारच नाही. रबर तेच आहे.