ग्रुपमधली खोटी वर्दळ

नागपुरात नवा फेसबुक ग्रुप काढणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: "पहिले दोन-तीन महिने चार-पाच खोटी अकाउंट चालव. स्वतःच प्रश्न टाक, स्वतःच उत्तरं दे. वर्दळ दिसली की लोक येतात." या सल्ल्याचा उपयोग होतो, हे मान्य करूनच बोलतो. रिकाम्या ग्रुपमध्ये पहिलं बोलायला कोणी धजत नाही आणि कोणी बोलत नाही म्हणून ग्रुप रिकामाच राहतो. ही अडचण खरी आहे. तरीही हा सल्ला वाईट आहे.

त्याच्या बाजूनं रेडिटचा, म्हणजे लोक लिंक टाकतात आणि त्यावर चर्चा करतात अशा वेबसाइटचा, दाखला हटकून दिला जातो. २००५ साली स्टीव्ह हफमन आणि अलेक्सिस ओहानियन यांनी रेडिट सुरू केलं, तेव्हा सुरुवातीच्या बऱ्याचशा लिंक या दोघांनीच खोट्या नावांनी टाकल्या होत्या. त्यांच्यापुरत्या फॉर्ममध्ये लिंकसोबत नाव भरायचीही जागा होती. नाव भरलं की त्या नावाचं अकाउंट तयार. हफमननं पुढे हे स्वतःच उघड सांगितलं. पण त्यात खोटं नेमकं काय होतं ते बघा. नावं खोटी, गर्दी खोटी, लिंक मात्र खरी. वाचणारा ती उघडून स्वतः ठरवू शकत होता. टाकणारा कोण आहे याच्यावर त्याचं फारसं काही अडत नव्हतं.

आता आपल्याकडचा नमुना. "बेसा भागात आरओ दुरुस्त करणारा चांगला माणूस सांगा." खाली वीस मिनिटांत तीन उत्तरं, तिन्हींत एकच नंबर: "आमच्याकडे दोन वर्षांपासून हेच येतात, रेट वाजवी." इथे वाचणारा लिंक घेत नाही, साक्ष घेतो. कुणीतरी स्वतःचे पैसे घालून पाहिलंय, एवढ्याच भरवशावर तो फोन लावतो. ही साक्ष त्याला तपासता येत नाही. चांगला मेम्ब्रेन (पाणी गाळणारा आतला पडदा) उगाच बदलून, पैसे घेऊन माणूस निघून गेला की मग कळतं. आरओच्या जागी गुडघ्याचं ऑपरेशन, क्लासेस किंवा प्लॉट ठेवून बघा.

म्हणून माझी रेघ इथे आहे. विषय स्वतः पेरा, हवे तेवढे, स्वतःच्या नावानं. न घेतलेला अनुभव नसलेल्या माणसाच्या तोंडी घालू नका.

आता तर खोटी माणसं रंगवायला मेहनतही लागत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये उघडकीला आलं, की झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी रेडिटवरच्या 'चेंज माय व्ह्यू' या वादचर्चेच्या ग्रुपमध्ये एआयनं लिहिलेल्या हजाराहून जास्त कॉमेंट कुणालाही न सांगता टाकल्या होत्या. त्यातला एक 'मी' बलात्कार सोसलेला होता, एक 'मी' समुपदेशक. मतं बदलायचा प्रयत्न तिथे रोजच चालतो. लोक भडकले ते न विचारता केलेल्या प्रयोगावर आणि या न जगलेल्या आयुष्यांवर.

याच युक्तीचं टोक म्हणजे शेअर बाजाराचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. नफ्याचे स्क्रीनशॉट रोज, 'सरांचे' आभार रोज, अधूनमधून एखादा शंकेखोर आणि त्याची समजूत काढणारे चार जण. तो शंकेखोरही त्यांचाच. अशा ग्रुपमध्ये खरा माणूस कधीकधी एकटा तुम्हीच असता. (पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तर गोठवता येण्याची शक्यता असते.) ग्रुप अ‍ॅडमिन म्हणेल, आमचं त्यांच्याशी काय नातं? हेतू वेगळा, कबूल. कारागिरी मात्र तीच आहे, आणि अशा बनावट गप्पा खऱ्या वाटायची सवय लोकांना आपल्यासारख्यांच्याच ग्रुपवर लागते.

नीतीचं सोडा, अ‍ॅडमिनचा स्वतःचाही यात तोटाच आहे. ऑनलाइन समूहांबद्दल जेकब निल्सन या वेबसाइटच्या वापराच्या अभ्यासकानं २००६ साली एक ढोबळ प्रमाण मांडलं: शंभरातले ९० फक्त वाचतात, ९ कधीमधी लिहितात, १ नेमानं लिहितो. म्हणजे शंभर मेंबरांच्या ग्रुपमध्ये सामसूम असणं हा बिघाड नाही, गणित आहे. "काहून बोलत नाही बे कोणी?" म्हणून घाबरलेला अ‍ॅडमिन इथेच खोटी अकाउंट काढतो, आणि मग त्याला स्वतःचेच आकडे वाचता येत नाहीत. कोणत्या विषयावर लोक खरंच थांबले, कोणत्या वेळी उत्तरं आली, सगळं गढूळ. अधिवेशनाच्या मोर्च्यात भाड्यानं आणलेला माणूस निदान मोजता तरी येतो. इथे मोजणाराच गर्दीत मिसळलेला.

दुसरी गोची सुराची. नवा माणूस आधीच्यांचं बघून लिहितो. पहिल्या पन्नास पोस्ट 'मस्त', 'बेस्ट', 'नंबर वन' अशा असतील तर पुढे जाहिरातवालेच गोळा होतात, कारण तक्रार करायची जागा ही नाही, हे त्यांना बरोबर कळतं. शिवाय फेसबुकच्या नियमानुसार एका माणसाला एकच वैयक्तिक अकाउंट. खोटी सापडली तर त्यांच्याबरोबर तुमचं मूळ अकाउंट आणि ग्रुपही अडचणीत येऊ शकतो.

मग रिकामा ग्रुप भरायचा कसा? विषय अरुंद ठेवा. 'नागपूर' नको, 'मनीषनगर-बेसा भागातले किरायदार' चालेल. कोणालाही बोलवायच्या आधी स्वतःच्या नावानं बारा-पंधरा पोस्ट तयार करून टाका: किरायानाम्यात काय बघायचं, डिपॉझिट परत घेताना खोलीचे फोटो कसे काढायचे, विजेचं सबमीटर असेल तर पहिल्या दिवशीचं रीडिंग लिहून ठेवणं. मग ओळखीतल्या दहा जणांना आधी सांगून घ्या, की आठवड्यातून एकदा तरी खरं काही लिहाल का. हे दहा म्हणजेच निल्सनच्या हिशेबातले ९ आणि १. तुम्ही ते हातानं निवडताय, एवढंच. त्यांना विषय सुचवा, वाक्यं लिहून देऊ नका. पहिल्यांदा लिहिणाऱ्या प्रत्येकाला एका दिवसाच्या आत उत्तर द्या, उत्तर माहीत नसेल तर ज्याला माहीत असेल त्याला टॅग करा. आणि फोनमधले पाचशे कॉन्टॅक्ट एकदम कोंबू नका. न वाचणाऱ्यांचा ढीग झाला की पोस्टला प्रतिसाद दिसत नाही आणि फेसबुक ती पुढे कमी दाखवतं.

मधले प्रश्नही आहेत. अ‍ॅडमिननं उत्तर माहीत असलेला प्रश्न टाकला तर? "हे बरेचदा विचारलं जातं" असं म्हणून टाकावा, काही बिघडत नाही. भावाच्या दुकानाचं नाव सुचवलं तर? "दुकान भावाचं आहे, तरी सांगतो" एवढं आधी लिहिलं की पुरे, किती धरायचं ते वाचणारा ठरवेल. निनावी पोस्टची सोय घरगुती, नाजूक विषयांसाठी चांगली आहे. पण निनावी विचारून आपल्याच नावानं उत्तर देणारा अ‍ॅडमिन खोटं अकाउंट न काढता तेच करतोय. बॉटचं म्हणाल तर टेलिग्रामवर बॉटच्या (आपोआप उत्तरं देणाऱ्या अकाउंटच्या) युजरनेमच्या शेवटी सहसा 'बॉट' असावं लागतं. एवढी पाटी असेल तर माझी तक्रार नाही.

वाचणाऱ्यांसाठी चार झटपट तपासण्या. ग्रुपच्या माहितीत तो कधी निघाला आणि नाव कधी बदललं ते दिसतं. काल 'शायरी' असलेला चाळीस हजारांचा ग्रुप आज 'नागपूर प्रॉपर्टी' झाला असेल तर ते चाळीस हजार तुमचे शेजारी नव्हेत. कॉमेंट करणाऱ्याच्या नावावर टिचकी मारा, त्या ग्रुपमधल्या त्याच्या बाकीच्या पोस्ट दिसतात. सगळीकडे एकाच दुकानाचं कौतुक असेल तर समजून घ्या. टेलिग्राम चॅनलवर सदस्य वीस हजार आणि पोस्टखाली डोळ्याच्या चिन्हापुढे (म्हणजे पाहणारे) दीडशे, तर सदस्य विकत आणलेले असण्याचीच शक्यता जास्त. आणि खऱ्या अनुभवात सहसा एखादं कुरकुरणं असतं: "काम चांगलं, पण वेळेवर येत नाही."

कायद्याचं थोडक्यात. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोचं 'आयएस १९०००:२०२२' हे मानक आहे, पण ते ऐच्छिक. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेत २०२४ च्या ऑक्टोबरपासून खोट्या रिव्ह्यूंबरोबर धंद्यासाठी बनावट फॉलोअर विकणं आणि जाणूनबुजून विकत घेणं, दोन्हींवर बंदी आहे.

ज्यांनी हे आधीच केलंय, त्यांच्यासाठी. खोट्या अकाउंटनी दिलेल्या शिफारशी आधी काढा, विशेषतः डॉक्टर, क्लास आणि पैशांबद्दलच्या. ज्या खोट्या प्रश्नांना खऱ्या लोकांनी उत्तरं दिलीत ते धागे ठेवा, पण वर लिहा की प्रश्न अ‍ॅडमिनचाच होता. मग सरळ पोस्ट टाकून पिन करा: कोणती अकाउंट तुमची होती, कधीपासून, काय काढलं. अकाउंट बंद करायची ती यानंतर, म्हणजे लोकांना नावं जुळवून बघता येतील. काही जण ग्रुप सोडतील, दोन-चार जण कॉमेंटमध्ये धुतील. त्या कॉमेंट डिलीट करू नका.