जादा साठा हे उत्तर का नाही

नमस्कार. पुरवठा साखळीच्या, म्हणजे कारखान्यापासून दुकानापर्यंत माल पोचण्याच्या साखळीच्या, व्यवस्थापनावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'माल उचलायचा, गोदामात ठेवायचा, पोचवायचा, यात व्यवस्थापन कसलं? तुटवड्याची भीती असेल तर साठा वाढवा,' असं तुम्ही लिहिलंय. त्या लेखात ट्रक, जहाजं आणि गोदामांनीच निम्मी जागा खाल्ली, तेव्हा असा समज होण्यात दोष माझाच. साठ्याचं म्हणणं मात्र मला पटत नाही.

डायपरचंच बघा. बाळं काही एका आठवड्यात दुप्पट होत नाहीत, त्यामुळे दुकानातला खप जवळपास सारखाच असतो. तरीही वितरकांच्या ऑर्डरी भलत्याच वरखाली होतात, हे डायपर बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या लक्षात आलं. का व्हावं असं? समजा, एका आठवड्यात 100 ऐवजी 110 पुडे खपले. दुकानदार 'असू देत चार हाताशी' म्हणून 120 मागवतो. घाऊक व्यापाऱ्याला ते 110 दिसतच नाहीत, त्याला दिसतात 120. तो 140 मागवतो. कारखाना 180 च्या तयारीला लागतो. पुढच्या आठवड्यात खप परत 100 वर येतो, सगळीकडे माल पडून राहतो, पैसा अडकतो आणि सगळेच एकदम ऑर्डरी थांबवतात. याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. यात कोणीच बेजबाबदार वागलं नाही. प्रत्येकाने तुमचाच सल्ला पाळला! दुकानातल्या खऱ्या विक्रीचा आकडा थेट कारखान्यापर्यंत दिसला, तर हे बरंचसं टळतं. पण आपला आकडा दुसऱ्याला दाखवायला व्यापारात कोणी सहजी तयार होत नाही. व्यवस्थापनाचा खरा कस लागतो तो इथे.

साठा ठेवूच नये, असं नाही. जो भाग एकाच ठिकाणी बनतो त्याचा ठेवावाच, आणि दुसरा पुरवठादारही शोधून ठेवावा. मार्च 2000 मध्ये वीज कोसळल्यामुळे अमेरिकेत अल्बुकर्कला फिलिप्सच्या चिप कारखान्यात आग लागली. ती काही मिनिटांतच विझली, पण धूर आणि पाण्यामुळे उत्पादन रखडलं. तिथल्या चिप मोबाइल बनवणाऱ्या नोकिया आणि एरिक्सन या दोन्ही कंपन्यांना लागायच्या. नोकियाने लगेच हालचाल करून दुसरीकडून चिप मिळवल्या. एरिक्सनला धोका उशिरा कळला, तोवर पर्याय उरला नव्हता. तिला मोठा तोटा झाला आणि 2001 मध्ये तिचा मोबाइलचा धंदा सोनीबरोबरच्या भागीदारीत गेला.

तुमच्या कामात असा एकाच ठिकाणाहून येणारा भाग कोणता? जरूर लिहा, त्यावर सविस्तर बोलू.