‘बोंडाला घंटा बांधू नका’ म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, थोडी बोंडं फोडून वावरातल्या गुलाबी बोंडअळीचं प्रमाण कसं काढायचं आणि त्यात घंटेच्या आकाराची रेघ कुठं येते, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘एसीत बसून कास्तकाराला शहाणपण शिकवू नका. बोंड एक तर किडकं असते नाही तर चांगलं, मग तुमची ती घंटेसारखी रेघ आली कुठून? गावात 20 बोंडं फोडून पाहतात, तिथं काय करता? अन् सगळी एकाच झाडाची निघाली तर?’

विचारा की, जरूर विचारा. पण ‘एसीत बसून’ काहून? यवतमाळकडच्या कोरडवाहू वावरात कापूस वेचत मोठा झालोय मी. 2017 साली अळीनं विदर्भात हाहाकार केला, तेव्हा आमची पऱ्हाटीही त्यातच होती. वरून हिरवंगार बोंड, अंगठ्यानं दाबून फोडलं की आत पिवळट पडलेल्या ओल्या कापसात अळी वळवळायची. हे मला पुस्तकानं सांगितलेलं नाही. लेखावर बोला, माणसावर कशाला घसरता?

असो. एक बोंड हो किंवा नाही, हे मी कुठं नाकारलं? घंटा बोंडाची नाही, प्रमाणाची आहे. समजा वावरात खरोखर 10 टक्के बोंडं किडकी आहेत. तुम्ही 100 तोडली, 8 किडकी निघाली. शेजाऱ्यानं त्याच वावरातून 100 तोडली, त्याला 13 सापडली. अशी माणसं पाठवतच राहा, बहुतेकांचे आकडे 10 च्या आजूबाजूला गोळा होतील. 2 किंवा 20 एखाद्यालाच. हे आकडे कागदावर रचले की जो ढीग होतो, ती घंटा.

तो ढीग किती पसरट, तेही काढता येतं. 0.1 गुणिले 0.9, भागिले 100, त्याचं वर्गमूळ 0.03, म्हणजे 3 टक्के. 5 ते 15 किडकी निघण्याची शक्यता अचूक द्विपद सूत्रानं, म्हणजे ‘हो किंवा नाही’ अशा मोजणीच्या सूत्रानं, 93.6 टक्के येते. नॉर्मल वितरणानं, म्हणजे त्याच घंटेच्या रेघेनं, दोन्ही टोकं अर्ध्यानं बाहेर सरकवून (4.5 ते 15.5), 93.3. एवढ्या फरकासाठी एवढा राग? नाण्याच्या छाप-काट्यावर गणितज्ञ द म्वाव्र यांनी हे 1733 सालीच दाखवलं होतं. नाणंही छाप नाही तर काटाच पडते, भाऊ.

20 बोंडांचं मात्र तुमचं मान्य. तिथं किडकी अपेक्षितच 2. त्यावर खरं प्रमाण कुठून कुठपर्यंत असेल ते सांगणारं नेहमीचं 95 टक्क्यांचं सूत्र लावलं तर खालचं टोक उणे 3 टक्के येतं, आणि उणे किडकं बोंड मी तरी पाहिलं नाही. शिवाय 10 टक्के कीड असूनही 20 मध्ये एकही न सापडण्याची शक्यता 12 टक्के. म्हणूनच किडकी आणि चांगली दोन्ही किमान 10 तरी अपेक्षित असावीत, हा दंडक लेखात दिला होता. तळाशी होता, वर हवा होता, एवढं कबूल.

एकाच झाडाच्या बोंडांचं इथं वाढवत नाही. ‘वावरभर फिरून तोडा’ असं लिहिलंच होतं. लेख शेवटपर्यंत वाचला असता तर दिसलं असतं. आणि पुढच्या वेळी खरं नाव टाकून लिहा, म्हणजे मलाही नावानिशी उत्तर देता येईल.