झेंडू आपल्या बॅचचा नाही म्हणे!

सकाळपासून डोकं फिरलंय. म्हटलं ग्रुपवर भांडण्यापेक्षा इथेच लिहावं. ग्रुपवर लिहिलं की दोन मिनिटांत कोणीतरी हात जोडलेले इमोजी टाकतं, कोणीतरी जुना विनोद फॉरवर्ड करतं आणि विषय संपतो.

तर झालं असं. आमच्या 2005 च्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे या महिन्यात. वीस वर्षं झाली ना. त्र्यंबक रोडवरचं रिसॉर्ट, माणशी बावीसशे, टी-शर्ट वेगळा. आज फ्लेक्सचं डिझाइन आलं ग्रुपवर. मधोमध फोटो कुठला, तर नववीतल्या विज्ञान प्रदर्शनाचा. ढाल हातात घेतलेली दोन मुलं, बाजूला सर, मागे मी चार्ट धरून (दोन वेण्या, हसू नका), पुढे टेबलावर आमचा दुतोंड्या मारुती (नाशिकला गोदावरीच्या पात्रात उभी असलेली मारुतीची मूर्ती, तिचं छोटं मॉडेल). आणि उजव्या कडेला एक कोपर. नुसतं कोपर, दुमडलेल्या बाहीचं.

ते कोपर झेंडूचं आहे. मी ग्रुपवर विचारलं, "अरे झेंडूला कळवलं का कोणी? हे मॉडेल त्याचंच होतं ना?" तर अॅडमिनसाहेबांचं उत्तर: "तो आपल्या बॅचचा नाही गं. यादी दहावीच्या हजेरीपटावरून केलीये. एकाला घेतलं की सगळ्यांना घ्यावं लागेल." खाली सात जणांचे अंगठे.

सगळ्यांना घ्यावं लागेल! मग घ्या की. कोणी अडवलंय?

ज्यांना झेंडू आठवत नसेल त्यांच्यासाठी. पंचवटीत राहायचा, घरचा धंदा फुलांचा. पहाटे वडिलांबरोबर बाजारात जायचा, माल घाटावर पोचवायचा आणि मग शाळेत. प्रार्थनेला कायम उशीर. बोटं पिवळी, दप्तराला झेंडूचा वास, म्हणून नाव झेंडू. खऱ्या नावाने फक्त हजेरी घेताना बाई हाक मारायच्या आणि तेव्हा तो बहुतेक वर्गात नसायचाच.

आम्ही नववीत होतो ते वर्ष 2003-04, सिंहस्थाचं. नाशिकच्या माणसाला वेगळं सांगायला नको. शाही स्नानाच्या दिवशी आम्हाला सुट्टी, म्हणजे आमच्यासाठी मजाच. झेंडूच्या घरी मात्र बारा वर्षांतून एकदा येणारा सीझन. आधी श्रावण, मग गणपती, मग दसरा आणि वर हा कुंभ. पोरगं घाटावरून हलेचना. 27 ऑगस्टला सरदार चौकात चेंगराचेंगरी झाली, 39 माणसं गेली. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी शाळेत आला तेव्हा कोणाशी धड बोलला नाही. आम्ही विचारलंही नाही. चौदा वर्षांच्या पोरांना काय विचारायचं तेच कळत नाही. सहामाहीत त्याचे दोन विषय गेले होते.

आणि त्याच वर्षी त्याने तो मारुती केला.

प्रदर्शनाला शाळेकडून काहीतरी पाठवायचं होतं. हुशार मुलांनी ठरवलं होतं ज्वालामुखी. (तालुक्यात तेव्हा दर दुसरी शाळा ज्वालामुखी आणायची. खायचा सोडा, व्हिनेगर आणि लाल रंग.) झेंडू मागच्या बाकावरून म्हणाला, "पुराचं करू ना. मारुतीचं." त्याच्या घरी पूर म्हणजे रोजच्या बोलण्यातली गोष्ट. मारुतीच्या पायाला पाणी लागलं की मांडव आवरायला घ्यायचा, कमरेला आलं की पाट्या उचलायच्या, गळ्याला आलं की सगळं टाकून वर पळायचं. आजही पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक हेच विचारतं, मारुती कुठपर्यंत बुडाला? तेच त्याला टेबलावर मांडायचं होतं.

मारुती प्लास्टरचा, त्याच्या गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यातून आणलेला. मी त्याला शेंदरी ऑइलपेंट दिला, दोन हात. प्लास्टिकचा टब म्हणजे गंगा (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो), वर उलटा टांगलेला पाच लिटरचा कॅन म्हणजे गंगापूर धरण, आणि विसर्ग सोडायला सलाइनची नळी, तिच्या त्या छोट्या चाकासकट. चाक फिरवलं की पाणी कमी-जास्त. पाणी चढलं की पायाला हिरवा दिवा, कमरेला पिवळा, गळ्याला लाल.

पहिल्यांदा दिवे लागलेच नाहीत. सरांनी सांगितलं होतं, पाण्यात मीठ टाका, मिठाच्या पाण्यातून वीज जाते, दोन उघड्या तारा सोडा, झालं. मूठ मूठ मीठ टाकलं तरी टॉर्चचा बल्ब ढिम्म. झेंडू दोन दिवस नुसता बघत बसला. तिसऱ्या दिवशी फाटक्या पाइपचे तीन तुकडे घेऊन आला. प्रत्येकात थर्माकोलची गोळी, गोळीच्या डोक्यावर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. पाणी चढलं की गोळी वर तरंगत येणार, कागद वरच्या दोन तारांना टेकणार, दिवा लागणार. "पाण्यातून वीज न्यायचीच कशाला? पाण्याने नुसतं ढकलायचं." हे त्याचं वाक्य मला जसंच्या तसं आठवतंय. ज्या पोराला विज्ञानात पस्तीस पडत नव्हते त्याचं वाक्य.

फॉर्मवर नावं दोनच बसत होती. शाळेने पहिल्या आणि दुसऱ्या नंबरची टाकली. झेंडूची हजेरी कमी होती ना! त्याला बरोबर नेलं ते पाण्याची बादली उचलायला. मी चार्टवाली.

परीक्षक आले. चष्मेवाले, खूप शांत. दिवे लागलेले बघून खूश झाले आणि विचारलं, "मिठाचं पाणी का नाही वापरलं? सोपं पडलं असतं." पहिला नंबर दुसऱ्याकडे बघतोय, दुसरा सरांकडे. मागून बादली धरून उभा असलेला झेंडू बोलला, "सर, पाण्यातून करंट जातो पण थोडा जातो. बल्ब पेटायला पुरत नाही." परीक्षकांनी वळून बघितलं आणि विचारलं, "हा कोण?" आमचे सर म्हणाले, "मदतनीस आहे."

मदतनीस!

ढाल मिळाली. फोटोग्राफर म्हणाला, बादलीवाल्या, जरा बाजूला हो. म्हणून ते कोपर.

आता पुढचं बहुतेकांना माहीत नाही, किंवा माहीत असून आठवत नाही. वार्षिक परीक्षेत झेंडू नापास. एकटा नाही, तुकडीतले बरेच जण. पालकांना बोलावलं गेलं. तेव्हा कित्येक शाळांत जी पद्धत होती तीच: नापास म्हणून वर्षभर बसवण्यापेक्षा दाखला काढून घ्या, दहावीला बाहेरून बसवा, 17 नंबरचा फॉर्म भरा. पालकांना वाटायचं शाळा उपकार करतेय, पोराचं वर्ष वाचतंय. वाचत शाळेचा निकाल होता. बाहेरून बसलेल्याचा निकाल शाळेच्या टक्केवारीत धरत नाहीत. नववीला आमच्या तुकडीत साठाच्या वर पोरं होती, दहावीला पन्नास. जूनमध्ये गेटवर फळा लागला, "शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा." हो, उज्ज्वल असणारच, काजळी आधीच पुसून टाकलेली.

17 नंबरचा फॉर्म वाईट असं मी म्हणत नाही, शाळा सुटलेल्या कितीतरी बायका त्याच फॉर्ममुळे दहावी झाल्या आहेत, माझी मावससासू त्यातलीच. पण सुटलेल्याला दार उघडून देणं वेगळं आणि बसलेल्याला उठवून त्या दाराकडे ढकलणं वेगळं.

शाळेचं सोडा. ज्यांनी केलं ते आता रिटायर झाले, त्यांना आपण शाल-श्रीफळ देणारच आहोत. मलाही द्यायची आहे, काही बाई अशा होत्या की त्यांच्यामुळे मी आज चार ओळी लिहू शकते. पण वीस वर्षांनी, आता कोणाच्याही टक्केवारीला काही होणार नसताना, आपण तोच हजेरीपट घेऊन बसलोय? तीच चाळण पुन्हा लावतोय? आणि वर म्हणतोय "शाळेचे ते निरागस दिवस"!

"नंबर मिळत नाही" हे कारण तर मला सांगूच नका. आम्हा मुलींना कसं शोधलंत? लग्नानंतर आडनावं बदललेली, कोणाचं नावही बदललेलं. एकीच्या नवऱ्याच्या चुलतभावाच्या फेसबुकवरून तिला हुडकून काढली. मस्कतला असलेल्याशी रात्री बारा वाजता व्हिडिओ कॉल करून त्याच्या सुट्टीप्रमाणे तारीख ठरवली. अॅडमिनने यासाठी खरंच मर मर मेहनत घेतली आहे, हे मान्य. पण मस्कत सापडतं आणि पंचवटी सापडत नाही?

झेंडू मला गेल्या दसऱ्याला भेटला. पंचवटी कारंजाकडे स्वतःचा गाळा आहे आता, हारांच्या ऑर्डरी घेतो, दोन पोरं कामाला. मी नेहमीसारखी घासाघीस करत होते. तो खाली मान घालून तोरण ओवत होता, मान वर न करता म्हणाला, "चार्टवाली ना तू?" मला आधी कळेच ना. मग बोटं बघितली. तीच पिवळी. पाव किलो मागितले होते, पिशवीत किलोभर फुलं घातली, पैसे घेईना. आणि विचारलं काय, तर "मारुती आहे का गं अजून शाळेत?"

आहे रे बाबा. कपाटात आहे, काचेमागे, खाली दोघांची नावं लिहिलेली पट्टी.

बरं, तो आला नसता असंही होऊ शकतं. दुकान टाकून डिसेंबरच्या रविवारी, लग्नसराईत, कोण येतं? बावीसशे रुपये देऊन ज्यांनी बाजूला हो म्हटलं त्यांच्याबरोबर सेल्फी काढायला मीही गेले नसते. ते त्याला ठरवू दे. बोलवायचं तरी आपण ना?

एक गोष्ट मात्र खरी, मला हा ग्रुप आवडतो. हे आता लिहिताना जाणवतंय, राग जरा उतरल्यावर. मागच्या महिन्यात रात्री उशिरापर्यंत सगळे आठवणी टाकत होते तेव्हा मी पोरांना झोपवून अंधारात फोन धरून एकटीच हसत होते. शनिवारच्या सकाळच्या शाळेसाठी कॅनव्हासच्या बुटांना खडू फासणं. जानेवारीच्या थंडीत पीटीला उभं राहून तोंडातून वाफा सोडण्याची स्पर्धा. गेटबाहेरची चिंचा-बोरंवाली, तिच्याकडची उधारी. लाल शहर बसमध्ये (तेव्हा एसटीची होती हो, सिटीलिंक आली 2021 ला) कंडक्टरकाकांना पास दाखवताना बोटाखाली लपवलेला संपलेला महिना. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग गुलाबी कानांचा. तिवंध्याच्या रहाडीत (रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात तो मोठा हौद) धप्पा मारून आलेले हिरो आणि त्यांचा आठवडाभर न निघणारा रंग. कोणी तरी लिहिलं होतं, आपल्यात पहिली उडी कोणाची असायची आठवतंय का?

झेंडूची असायची! तिथे लिहिलंही होतं एकाने, "झेंडूची!" त्याला वीस जणांनी हसरे चेहरे टाकले. म्हणजे किस्से सांगायला तो आपल्या बॅचचा, फ्लेक्सवर त्याचा मारुती आपल्या बॅचचा, फक्त जेवणाच्या पंगतीत तो आपल्या बॅचचा नाही. कमाल आहे बुवा.

आणि एकटा तोच नाही. नववीनंतर जिचं लग्न लावून दिलं ती आमच्या बाकावर तिसरी बसायची, अक्षर मोत्यासारखं, मारुतीच्या चार्टवरचं शीर्षक तिने लिहिलंय. फोटो झूम करून बघा, "पूरसूचक यंत्र", ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर. अंबडच्या कंपनीत लागलेले दोघं भाऊ. सिडकोतून चालत येणारा तो गोलकीपर. हे सगळे नववीपर्यंत आपल्यातले होते. पाचवीपासून पाच वर्षं एका वर्गात काढली त्यांनी आपल्याबरोबर. दहावी तर एकच वर्ष होती आणि त्यातही निम्मा वेळ आपण क्लासला होतो.

2026-27 चं सिंहस्थ तोंडावर आलंय. घाटावर कामं सुरू आहेत. झेंडूचा मोठा मुलगा आता नववीत आहे, दसऱ्याला त्यानेच सांगितलं. म्हणाला, "याला मात्र मी गाळ्यावर उभा करणार नाही, कितीही गर्दी असू दे." हे तो कोणाला ऐकवायला म्हणाला नव्हता, सहज म्हणाला, हाराची गाठ मारता मारता. माझ्याच्याने नाही विसरवत.

तर अॅडमिन महोदय, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे (आणि लाइक करणार नाही हेही). माझे बावीसशे भरलेले आहेत. अजून एकाचे मी भरते, तो प्रश्न नाही. फ्लेक्स अजून छापायला गेलेला नसेल तर खाली नावं टाकताना तिसरं नाव टाका. टाकायचं नसेल तर तो फोटोच काढा, स्नेहसंमेलनाचे भरपूर आहेत, त्यात तुम्ही स्वतः शिवाजी महाराज झालेले आहात, तो लावा.

बुधवारी बाजाराला गंगेवर जाणारच आहे, तेव्हा झेंडूच्या गाळ्यावर जाऊन त्याला विचारते. हो म्हणाला तर त्याचा नंबर ग्रुपवर टाकीन. अॅड करायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मी मात्र त्याला तारीख-वेळ सांगून आलेली असेन.

आणि बाकीच्यांनो, आपल्या तुकडीतल्या नववीपर्यंतच्या ज्या कोणाचा पत्ता, नंबर, नवऱ्याचं दुकान, भावाची रिक्षा, काहीही माहीत असेल तर मला इनबॉक्स करा. इथे कमेंटमध्ये नंबर टाकू नका. शुक्रवारपर्यंत कळवा, रिसॉर्टवाल्याला ताटांचा आकडा द्यायचाय.